लहान क्लस्टरसाठी स्टोरेज कसं निवडायचं आणि कसं लावायचं: सांगली-मिरजकडच्यांसाठी

सांगली, मिरज, कुपवाडकडं आता लहान लहान क्लस्टर, म्हणजे एकमेकांना जोडून एकत्र गणितं करणारी मशीनं, दिसायला लागलेत. कुठं इंजिनिअरिंग कॉलेजच्या डिपार्टमेंटमधे आठ नोड (क्लस्टरमधलं एकेक मशीन म्हणजे नोड), कुठं एमआयडीसीतल्या फाउंड्रीत कास्टिंग सिम्युलेशनसाठी दोन-तीन तगडी मशीनं, कुठं कुणी तासगावच्या द्राक्षपट्ट्यासाठी हवामानाचं मॉडेल चालवतंय. खरेदीची गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणी सारखीच असते, कोटेशन मागवताना सगळी चर्चा कोर किती, जीपीयू कुठला, रॅम किती यावर होते आणि शेवटी जे पैसे उरतील त्यात "स्टोरेजचं बघू काहीतरी, चाळीस टीबी बास झालं" असं होतं. मग मशीन येतं, जॉब (क्लस्टरला दिलेलं गणिताचं काम) लागतो आणि लाखो रुपयांचे कोर नुसते वाट बघत बसतात, कारण डेटा डिस्कवरनं येतच नाही तेवढ्या वेगानं.

म्हणून पहिल्यांदाच सांगतो, स्टोरेज टीबी बघून निवडायचं नसतं. तुमचा जॉब डेटा कसा वाचतो आणि कसा लिहितो ते बघून निवडायचं असतं. चाळीस टीबीच्या दोन सेटअपमधे वेगाचा शंभर पट फरक असू शकतो. खाली जे लिहिलंय ते दोन ते पंधरा-वीस नोडवाल्यांसाठी आहे. पुण्यात आयआयटीएम या हवामान संस्थेला २०२४ मधे 'अर्का' हे सुपरकॉम्प्युटर मशीन बसवलं, ११.७७ पेटाफ्लॉप्सचं आणि सोबत ३३ पेटाबाइट स्टोरेज, तसल्या ठिकाणी वेगळी टीम असते. आपल्याकडं सगळं एका लॅब असिस्टंटच्या किंवा एका पीएचडीच्या पोराच्या अंगावर असतं, त्यामुळं जे सांभाळायला झेपेल तेच लावा हा माझा आग्रह आहे.

आधी जॉब बघा, मग डिस्क

एक आठवडा फक्त बघण्यात घालवा, आत्ता जे मशीन आहे त्यावरच. टॉप कमांडमधे वरच्या ओळीत 'डब्ल्यूए' म्हणून आकडा दिसतो, कोर डिस्कची वाट बघण्यात किती टक्के वेळ घालवतायत ते. तो सतत १०-१५ च्या वर असेल तर नवीन सीपीयू घेऊन काहीही उपयोग नाही. मग आयओस्टॅट लावा, त्यात एकेका रिक्वेस्टला किती मिलिसेकंद लागतात ते दिसतं. आणि एमपीआयचा (अनेक प्रोसेस एकमेकांशी बोलत मिळून चालवतात तसा) जॉब असेल तर दर्शन नावाचं टूल आहे, अमेरिकेतल्या अरगॉन नॅशनल लॅबचं, फुकट आहे, ते जॉबबरोबर जोडलं की जॉब संपल्यावर सांगतं की किती फाइली उघडल्या, केवढ्या केवढ्या तुकड्यात वाचलं, किती वेळ नुसता फाइल उघडण्यातच गेला. हे टूल सगळ्यांनी वापरावं असं मला मनापासून वाटतं कारण ते बघितल्यावर अंदाजानं बोलणं बंद होतं.

बघायचं काय, तर फाइली मोठ्या आहेत का बारक्या, एकाच वेळी सगळे प्रोसेस लिहितात का एकच जण लिहितो, वाचणं सरळ ओळीनं आहे का उड्या मारत, आणि तयार झालेला डेटा परत तयार करता येतो का नाही. शेवटचा प्रश्न लोक विचारतच नाहीत, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्यावर पुढं येतो.

ओपनफोमचं, म्हणजे प्रवाहाचं सिम्युलेशन करणाऱ्या सॉफ्टवेअरचं, उदाहरण घ्या. नेहमीच्या सेटिंगमधे तो प्रत्येक प्रोसेसरचं वेगळं फोल्डर करतो, त्यात प्रत्येक टाइमस्टेपचं (सिम्युलेशनमधल्या वेळेच्या टप्प्याचं) फोल्डर, त्यात प्रत्येक फील्डची (दाब, वेग, तापमान वगैरे) एक फाइल. १२८ कोर, १०० टाइमस्टेप, ८ फील्ड धरले तर एका केसच्या १,०२,४०० फाइली झाल्या. एवढ्या बारक्या फाइलींनी भलंभलं स्टोरेज गुडघ्यावर येतं. इथं नवीन डिस्क घ्यायच्या आधी सेटिंग बदला, कोलेटेड फाइल हँडलर लावा म्हणजे सगळ्या प्रोसेसरचा डेटा एकत्र लिहिला जातो, राइट फॉरमॅट बायनरी करा, आणि जुन्या टाइमस्टेप नको असतील तर पर्जराइटमधे शेवटच्या किती ठेवायच्या ते सांगा. एक रुपया खर्च न करता फरक पडतो.

डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल चालवणाऱ्यांचं वेगळं. तिथं नेहमीच्या सेटिंगमधे सगळे प्रोसेस आपापला तुकडा एका प्रोसेसकडं पाठवतात आणि तो एकटा नेटसीडीएफ (हवामानाच्या डेटाचा फॉरमॅट) फाइल लिहितो, बाकीचे थांबतात. नेमलिस्ट या सेटिंगच्या फाइलमधे क्विल्टिंग चालू करून दोन-चार प्रोसेस फक्त लिहिण्यासाठी राखून ठेवता येतात, मग बाकीचे कोर पुढची गणितं करत राहतात. किंवा हिस्ट्रीचा, म्हणजे आउटपुट फाइलीचा, आयओ फॉर्म २ च्या जागी ११ केला की पॅरलल नेटसीडीएफनं सगळे मिळून लिहितात, पण त्यासाठी खालची फाइल सिस्टिमही पॅरलल पाहिजे (ती काय ते पुढं येतं) आणि कंपाइल करताना ती लायब्ररी जोडलेली पाहिजे.

एआयवाल्यांचा त्रास बारक्या फाइलींचाच. इमेजनेट या फोटोंच्या डेटासेटच्या ट्रेनिंग सेटमधे १२ लाखांच्या वर जेपीजी आहेत, आणि प्रत्येक इपॉकला, म्हणजे ट्रेनिंगच्या एकेका फेरीला, त्या वेगवेगळ्या क्रमानं वाचल्या जातात, म्हणजे हार्डडिस्कसाठी सगळ्यात वाईट प्रकार. त्या हजार-हजाराच्या टार फाइलींमधे बांधून ठेवा किंवा एचडीएफ५ या एका मोठ्या फाइलीच्या फॉरमॅटमधे घाला, आणि ट्रेनिंग सुरू करायच्या आधी नोडवरच्या एनव्हीएमईवर (सगळ्यात जलद प्रकारची एसएसडी) कॉपी करून घ्या.

आता चेकपॉइंटचं गणित, हे कागदावर करून बघाच. चेकपॉइंट म्हणजे जॉब मधेच पडला तर तिथून पुढं चालवता यावा म्हणून अधूनमधून डिस्कवर लिहून ठेवलेली स्थिती. समजा आठ नोड मिळून एक चेकपॉइंट ५०० जीबीचा आणि तुम्ही तो दर तासाला घेताय. एक गिगाबिटच्या नेटवर्कवरनं प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११८ एमबी जातात, म्हणजे ५०० जीबीला ७० मिनिटं. तासाभरात लिहायचं ते तासात लिहूनच होत नाही! तेच दहा गिगाबिटवर सात-आठ मिनिटं आणि २५ गिगाबिटवर तीनच मिनिटं, अर्थात डिस्क तेवढ्या वेगानं घेत असतील तर. एवढं एक गणित खरेदी कमिटीपुढं ठेवलं तरी स्टोरेजला आणि स्विचला पैसे मिळतात.

तीन जागा वेगळ्या

कितीही लहान क्लस्टर असू द्या, डेटाच्या तीन जागा वेगळ्या ठेवा. होम म्हणजे कोड, स्क्रिप्ट, इनपुट फाइली, ही जागा लहान, कोटा (प्रत्येकाला जागेची मर्यादा) लावलेला, रोज बॅकअप. स्क्रॅच म्हणजे जॉब चालू असताना लिहायची जागा, इथं वेग पाहिजे, बॅकअप नाही, आणि ३० दिवस हात न लागलेली फाइल उडवायची. आणि अर्काइव्ह, म्हणजे संपलेल्या कामाचा ठेवायचा डेटा, हळू असला तरी चालेल पण हरवता कामा नये.

हे सगळं एकाच फोल्डरमधे कोंबलं की काय होतं ते सगळ्यांनी बघितलेलं असतंय, कुणाचा तरी जॉब रात्री डिस्क भरून टाकतो आणि सकाळी कुणालाच लॉगइन होत नाही. स्क्रॅच साफ करण्यावरनं भांडणं होतात हे खरंय, विद्यार्थी म्हणतात "सर, राहू द्या ना अजून महिनाभर", पण नियम पहिल्या दिवशी लॉगइनच्या मेसेजमधेच लिहून टाकला आणि उडवायच्या आठवडाभर आधी मेल गेला की लोक ऐकतात. नियम मधेच आणला तर ऐकत नाहीत.

प्रत्येक नोडमधे एक-दोन टीबीची एनव्हीएमई लोकल ठेवा, हा सगळ्यात स्वस्तात मिळणारा वेग आहे. स्लर्म (जॉबची रांग लावणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर जॉबच्या आधी चालणाऱ्या प्रोलॉग स्क्रिप्टमधे जॉबच्या नंबरचं फोल्डर तयार करा, टेम्प डिरेक्टरी त्याच्याकडं वळवा आणि जॉबनंतर चालणाऱ्या एपिलॉगमधे ते पुसून टाका. जॉब सुरू झाला की इनपुट तिथं कॉपी, संपला की रिझल्ट परत. यात एक अडचण आहे, वेळ संपून जॉब मारला गेला तर परत कॉपी करायची ओळ चालतच नाही आणि रिझल्ट एपिलॉगमधे पुसले जातात. त्यासाठी स्लर्मला सिग्नलचा ऑप्शन द्या, वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी तो स्क्रिप्टला सिग्नल पाठवतो, तो पकडून कॉपी सुरू करा.

डिस्क कुठल्या

हार्डडिस्क ७२०० फेऱ्यांची म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद, सरासरी अर्धी फेरी वाट बघायची, वर हेड हलायला जवळपास एका पूर्ण फेरीएवढा वेळ, त्यामुळं उड्या मारत वाचलं तर सेकंदाला ऐंशी-शंभर वेळा वाचून होतं, त्याच्यावर नाही. मोठी कंपनी असो की लहान, यात फरक पडत नाही, तबकडी फिरायचा वेग आहे तो. पण तीच डिस्क सरळ ओळीनं वाचली तर सेकंदाला दोनशे-अडीचशे एमबी देते. म्हणून हार्डडिस्क मोठ्या फाइलींना आणि अर्काइव्हला उत्तम आणि बारक्या फाइलींना बेकार. साटा एसएसडी साडेपाचशे एमबीवर अडते कारण साटाची वायरच तेवढी. एनव्हीएमई तिसऱ्या जनरेशनची साडेतीन जीबी, चौथ्याची सातच्या आसपास, पाचवीची चौदापर्यंत, आणि उड्या मारत वाचण्यात ती लाखांत खेळते.

एसएसडी घेताना पेटीवरचा वेग बघून घेऊ नका. घरगुती एसएसडीत थोडा भाग जलद कॅशेचा असतो, तो भरला की लिहिण्याचा वेग धाडकन पडतो, क्यूएलसी (एका सेलमधे चार बिट कोंबणारी स्वस्त जात) असेल तर हार्डडिस्कच्या खालीसुद्धा जातो. चेकपॉइंटसारखं सलग शेकडो जीबी लिहिणाऱ्या कामात नेमकं हेच होतं. दुसरं म्हणजे डीडब्ल्यूपीडी नावाचा आकडा, रोज अख्खी डिस्क किती वेळा लिहिली तर वॉरंटीपर्यंत टिकेल तो. स्क्रॅचला किमान १, जमलं तर ३ ची एंटरप्राइज डिस्क घ्या. तिसरी गोष्ट पॉवर लॉस प्रोटेक्शन, डिस्कमधेच कपॅसिटर असतात आणि लाइट गेली तरी हातातलं लिहून पूर्ण करते. आपल्या भागात वळवाच्या पावसात लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको, त्यामुळं यावर पैसे वाचवू नका.

हार्डडिस्क घेताना सीएमआर आहे का एसएमआर ते दुकानदाराकडनं लेखी घ्या. एसएमआरमधे ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळं रेडमधली (डिस्क गेली तरी डेटा राहावा म्हणून अनेक डिस्क जोडतात ती रचना) एक डिस्क बदलल्यावर रिबिल्ड होताना, म्हणजे तिच्यावर डेटा परत भरताना, ती रडवते. आणि रेड ५, ज्यात एकच डिस्क गेलेली चालते, आता सोडून द्या. १६ टीबीची डिस्क पूर्ण वेगानं लिहायची म्हटलं तरी २२ तास लागतात, प्रत्यक्षात वर जॉब चालू असताना दोन-तीन दिवस, आणि तेवढ्या वेळात त्याच बॅचची दुसरी डिस्क गेली की सगळं गेलं. दोन डिस्क गेल्या तरी चालतील असंच लावा, रेड ६ किंवा झेडएफएस या फाइल सिस्टिमचं रेडझी२.

जागेचा हिशोबही आधीच सांगून ठेवा नाहीतर नंतर "टीबी कुठं गेले" म्हणून विचारणा होते. १६ टीबीच्या आठ डिस्क म्हणजे १२८ नाही, दोन पॅरिटीत (गेलेला डेटा परत काढायची जास्तीची माहिती) गेल्या, राहिल्या ९६, कॉम्प्युटर १०२४ नं मोजतो म्हणून दिसणार ८७, आणि झेडएफएस ८० टक्क्यांच्या वर भरू नये, म्हणजे वापरायला ७० धरा.

फाइल सिस्टिम: बहुतेकांना एक सर्व्हर पुरतो

आठ-दहा नोडपर्यंत माझं स्पष्ट मत आहे, एक चांगला स्टोरेज सर्व्हर, त्यावर झेडएफएस, आणि नोडना एनएफएसनं, म्हणजे नेटवर्कवरनं फोल्डर वाटून, द्या. एनएफएस १९८४ पासून चालत आलंय, सगळ्यांना येतं, बिघडलं तर कुणालाही विचारता येतं. सर्व्हरला इसीसी (बारीक चूक आपोआप दुरुस्त करणारी) रॅम १२८ जीबी तरी घाला, झेडएफएस रॅमलाच वाचायच्या कॅशेसारखं वापरतं त्यामुळं इथं रॅम वाया जात नाही.

झेडएफएस लावताना ॲशिफ्ट (ब्लॉकच्या किमान साइजचं सेटिंग) १२ ठेवा, हे पूल, म्हणजे डिस्कचा एकत्र साठा, बनवताना ठरतं, नंतर त्या डिस्कचं बदलता येत नाही. मोठ्या फाइलींच्या डेटासेटला रेकॉर्डसाइज १ एमबी करा. एलझेड४ कॉम्प्रेशन सगळीकडं चालू ठेवा, सीपीयूवर त्याचा भार जाणवतही नाही आणि टेक्स्टच्या आउटपुट फाइली बऱ्याच लहान होतात. महिन्यातनं एकदा स्क्रब, त्यात प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (डेटावरनं काढलेला पडताळणीचा आकडा) तपासला जातो आणि गुपचूप खराब झालेला डेटा पॅरिटीवरनं दुरुस्त होतो, साध्या रेड कार्डला ही गोष्ट जमत नाही. होमचे स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) तासातासाला घ्या, कुणी चुकून फोल्डर उडवलं तरी दोन मिनिटांत परत मिळतं. बारक्या फाइली फार असतील तर मेटाडेटासाठी (फाइलींची नावं, जागा वगैरे नोंदी) एसएसडीचा स्पेशल व्हीडेव्ह, म्हणजे वेगळा डिस्कगट, लावता येतो, पण तो गेला तर अख्खा पूल जातो, म्हणून तो मिररमधेच (दोन डिस्कवर तोच डेटा) लावा, एकटी एसएसडी कधीच नको.

एनएफएसमधे चार सेटिंग बघा. सर्व्हरवर थ्रेडची संख्या बऱ्याच लिनक्समधे फक्त ८ असते, ती ६४ करा. क्लायंटवर वाचायची-लिहायची साइज १ एमबी ठेवा. कर्नल ५.३ च्या पुढचा असेल तर एनकनेक्ट ४ किंवा ८ द्या, एकाच्या जागी तेवढी कनेक्शन उघडतात आणि जलद नेटवर्क खऱ्या अर्थानं भरतं. आणि एक्सपोर्टला असिंक लावू नका. इंटरनेटवर सगळीकडं सल्ला दिलेला असतो की असिंक लावा, वेग वाढतो, आणि वाढतोही, पण तो वेग असा येतो की सर्व्हर डिस्कवर लिहायच्या आधीच "लिहिलं" म्हणून सांगतो. लाइट गेली की नोडला वाटतं डेटा सुरक्षित आहे आणि तो कुठंच नसतो. होमला तर अजिबातच नाही. वेग पाहिजे तर पॉवर लॉस प्रोटेक्शनवाल्या छोट्या एनव्हीएमईची जोडी स्लॉग (आलेलं लिखाण आधी पटकन टिपून ठेवायची जागा) म्हणून लावा, सिंक, म्हणजे असिंकच्या उलट पद्धत, ठेवूनही लिहिणं जलद होतं.

दहा-बारा नोडच्या पुढं, किंवा सगळे प्रोसेस एकाच वेळी एकाच मोठ्या फाइलमधे लिहीत असतील, तेव्हा एक सर्व्हर कमी पडायला लागतो आणि पॅरलल फाइल सिस्टिमचा विचार करावा लागतो. यात फाइलचे तुकडे वेगवेगळ्या सर्व्हरवर जातात, आणि कुठला तुकडा कुठं आहे याचा हिशोब मेटाडेटा सर्व्हर ठेवतो. मार्केट यार्डात हळदीची पोती उतरवायला दहा हमाल लावले पण वजनाची पावती करणारा एकच असला तर रांग पावतीपुढंच लागते, तसं इथं मेटाडेटा सर्व्हरचं होतं, म्हणून त्याला सगळ्यात चांगली एनव्हीएमई द्या.

लहान ठिकाणी यातलं बीजीएफएस बरं. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत ते २००५ च्या सुमारास सुरू झालं, लावायला तुलनेनं सोपं, एका दिवसात उभं राहतं. वापरायला पैसे लागत नाहीत, पण मिररिंग आणि कोटा लागू करणं ही फीचर सपोर्ट घेणाऱ्यांसाठी आहेत, ते आधी वाचून घ्या. त्यातली बीऑंड ही सोय मला फार आवडते, जॉब सुरू होताना त्या जॉबच्या नोडमधल्या लोकल एनव्हीएमई जोडून तेवढ्यापुरती एक पॅरलल फाइल सिस्टिम तयार होते आणि जॉब संपला की मोडते. आठ नोडमधे दोन-दोन टीबी असतील तर १६ टीबीचं जलद स्क्रॅच, फक्त ही सोयही सपोर्टवाल्या फीचरमधे येते का ते आधी वाचून घ्या.

लस्टर हीसुद्धा पॅरलल फाइल सिस्टिमच, पण मोठ्या मशीनांची. आपल्या देशातल्या परम मालिकेतल्या नव्या सुपरकॉम्प्युटरवर तीच दिसते. स्वतः सांभाळायचं असेल तर ठरावीक कर्नल, पॅच, वेगवेगळे सर्व्हर, हे एका माणसाचं काम नाही, म्हणून आपल्या साइजला मी नको म्हणतो. पण पुण्यात आयसर या संशोधन संस्थेच्या परम ब्रह्मावर किंवा तसल्या मशीनवर खातं मिळालं तर लस्टर वापरता आलं पाहिजे, त्यासाठी थोडं. मोठी फाइल, पन्नास-शंभर जीबीची, लिहायच्या आधी त्या फोल्डरला 'एलएफएस सेटस्ट्राइप' नं स्ट्राइप काउंट ४ किंवा ८ द्या, म्हणजे ती तेवढ्या स्टोरेज टार्गेटवर पसरते. बारक्या फाइलींच्या फोल्डरला १ च ठेवा, पसरवलं तर उलट हळू होतं. आधीच लिहिलेल्या फाइलला सेटिंग लागत नाही, कॉपी करून परत लिहावी लागते. लाख फाइलींच्या फोल्डरमधे 'एलएस मायनस एल' ही यादी दाखवणारी कमांड मारू नका, प्रत्येक फाइलची साइज विचारायला ते सगळ्या सर्व्हरकडं जातं आणि तुमच्याबरोबर बाकीच्यांचंही काम अडतं. शोधायला साध्या फाइंडपेक्षा 'एलएफएस फाइंड' वापरा.

आयबीएमचं जीपीएफएस, आता त्याला स्टोरेज स्केल म्हणतात, उत्तम आहे पण लायसनचा खर्च आपल्याला झेपत नाही. सेफ (Ceph) नावाचं सॉफ्टवेअर ऑब्जेक्ट स्टोरेजला आणि व्हर्च्युअल मशीनला चांगलं, तीन-चार सर्व्हर असतील तर अर्काइव्हसाठी विचार करा, स्क्रॅचला नको.

नेटवर्कबद्दल थोडक्यात, एक गिगाबिटवर क्लस्टर उभा करू नका. २५ गिगाबिटचा स्विच आणि कार्ड, आणि बजेट नसेल तर १० तरी. एमपीआयचं आणि स्टोरेजचं ट्रॅफिक वेगळ्या पोर्टवर ठेवता आलं तर जरूर ठेवा.

मोजून घ्या, बिल नंतर

माल आला की सही करायच्या आधी टेस्ट घ्या. डीडी कमांडनं शून्य लिहून वेग दाखवणारे भेटतात, तो आकडा मानू नका, कॉम्प्रेशन चालू असलेल्या झेडएफएसवर शून्य लिहिली तर डिस्कवर जवळपास काही जातच नाही आणि आकडा आभाळाला भिडतो. एफआयओ हे वेग मोजायचं टूल वापरा, आणि टेस्टची फाइल सर्व्हरच्या रॅमच्या दुप्पट तरी ठेवा, नाहीतर तुम्ही रॅमचा वेग मोजत बसाल. मग सगळ्या नोडवरनं एकदम आयओआर चालवा, ते एकत्रित वेग सांगतं, आणि एमडीटेस्ट, ते सेकंदाला किती फाइली तयार होतात-उडतात ते सांगतं. एका नोडवरनं मिळालेला वेग आणि आठ नोडवरनं मिळून मिळालेला वेग, दोन्ही लिहून ठेवा. सहा महिन्यांनी कुणी "हळू झालंय" म्हणालं की तीच टेस्ट परत चालवून बघता येते. शेवटी तुमचा स्वतःचा खरा जॉब एकदा पूर्ण चालवा, टेंडरमधेच ही अट घाला.

पूर, लाइट आणि दुसरी कॉपी

वर विचारलं होतं की डेटा परत तयार करता येतो का. सिम्युलेशनचा आउटपुट गेला तर वेळ आणि वीज जाते, पण इनपुट आणि कोड असेल तर परत चालवता येतं. मोजणीचा डेटा तसा नाही. कोयना परिसरातल्या भूकंपाच्या नोंदी असोत, महाबळेश्वरला ढगांवर चाललेल्या निरीक्षणांसारखा डेटा असो, किंवा दवाखान्यातला पेशंटचा स्कॅन असो, तो क्षण परत येत नाही. असल्या डेटाच्या तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमावर, आणि एक दुसऱ्या गावात. सिम्युलेशनच्या आउटपुटला दोन पुरतात, आणि मधल्या टाइमस्टेपना एकही नको.

दुसरं गाव कुठलं हे सांगलीत नीट विचार करून ठरवायचं. २०१९ च्या ऑगस्टमधे आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ असताना, आणि २०२१ च्या जुलैत परत पूर आला. दोन्ही वेळी कोल्हापूरही त्याच दिवसांत पाण्यात होतं. म्हणजे एक कॉपी सांगलीच्या गावभागात आणि दुसरी कोल्हापुरात पंचगंगेजवळ ठेवली तर ती दोन ठिकाणं नव्हेत, पाऊस एकच आहे. दुसरी कॉपी साताऱ्यात उंचावर, किंवा विटा, जतकडं, नाहीतर पुण्यात ठेवा. आणि क्लस्टर तळमजल्यावर नको, एसीचं आउटलेट, यूपीएसच्या बॅटऱ्या, मेन स्विच हेसुद्धा वर घ्या. बऱ्याच ठिकाणी सर्व्हर पहिल्या मजल्यावर असतो आणि बॅटऱ्या जिन्याखाली जमिनीवर, मग सर्व्हर कोरडा राहूनही उपयोग होत नाही. पुराच्या पट्ट्यात वीज काही दिवस बंदच ठेवावी लागते, त्यामुळं जनरेटरच्या भरवशावर क्लस्टर चालू ठेवायचा प्लॅन करू नका, व्यवस्थित बंद करायचा प्लॅन करा. यूपीएस यूएसबीनं सर्व्हरला जोडा, नेटवर्क यूपीएस टूल्स लावा, बॅटरी ठरावीक टक्क्यांवर आली की आधी नोड, मग स्टोरेज आपोआप बंद झालं पाहिजे. हे एकदा खरंच मेन स्विच पाडून तपासा, सुट्टीच्या दिवशी.

पहिली मोठी कॉपी नेटवरनं पाठवायचा हट्ट नको. १० टीबी डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवर पूर्ण वेगानं पाठवला तरी नऊ दिवसांच्या वर लागतात, आणि पूर्ण वेग मिळत नाही. डिस्क घेऊन गाडीनं कराडमार्गे साताऱ्याला जा, तीन तासांत काम. त्यानंतर झेडएफएस सेंडनं रोज फक्त बदललेले ब्लॉक जातात, ते साध्या लाइनवरही निघतं. क्लाउडमधे ठेवायचं असेल तर ठेवायचा दर नव्हे, परत काढायचा दर आधी बघा, तिथं बिल वाढतं.

टेपला जुनं म्हणून हसू नका. एलटीओ ९ च्या एका टेपमधे कॉम्प्रेशन न धरता १८ टीबी बसतात, कपाटात ठेवली की वीज लागत नाही, रॅन्समवेअर तिथवर पोचत नाही. टेप स्वस्त पण ड्राइव्ह महाग, म्हणून शंभर टीबीच्या आत असाल तर हार्डडिस्कच्या दोन जोड्या परवडतात, त्या मात्र सहा महिन्यांनी जोडून तपासाव्या लागतात. त्याच्या पुढं गेलात तर दोन-तीन कॉलेजांनी मिळून एक ड्राइव्ह घ्या, हे आपल्याकडं सहज जमण्यासारखं आहे आणि कुणी पुढाकार घेतला तर मला फार आनंद होईल.

कॉपी केल्यावर प्रत्येक फाइलचा शा-२५६ चेकसम फाइलबरोबर ठेवा, आणि तीन महिन्यांनी कुठलंही एक फोल्डर निवडून दुसऱ्या गावच्या कॉपीवरनं परत आणून तो जुळवून बघा.

रोजच्यासाठी झेडपूल स्टेटस (पूलची तब्येत) आणि स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल देते ते) इशारे मेलवर येतील असं लावा, आणि तो मेल दोन माणसांना जाऊ दे, एकजण सुट्टीवर असतो. कुपवाडला फाउंड्रीजवळ असाल तर हवेत बारीक धूळ असते, फॅनचे फिल्टर महिन्याला धुवा. मे महिन्यात डिस्कचं तापमान ४५ च्या वर जातंय का ते बघा. आणि खरेदीतच, त्याच मॉडेलच्या दोन जास्तीच्या हार्डडिस्क आणि एक एनव्हीएमई घेऊन कपाटात ठेवा, कारण वॉरंटीत बदलून यायला आठवडे जातात, पुरात रस्ते बंद झाले तर आणखी, आणि रेडझी२ मधली एक डिस्क गेलेल्या अवस्थेत तेवढे दिवस काढायचे नसतात. डिस्कच्या ट्रेवर बाहेरून सिरियल नंबरची चिठ्ठी चिकटवा, म्हणजे खराब डिस्क काढताना शेजारची चांगली डिस्क निघणार नाही.